भाषा-प्रतिमाने व ज्ञानव्यवहार : सायखेडा परिसर

भाषा-प्रतिमाने व ज्ञानव्यवहार : मोठ्या लेखनसंग्रहावरून पुढील शब्दाचे भाकीत करण्यास शिकलेल्या व त्या आधारे प्रश्नांची उत्तरे, सारांश, भाषांतरे इ. तयार करणाऱ्या संगणकीय रचनांना भाषा-प्रतिमाने म्हणतात. ‘लँग्वेज मॉडेल’ या नावाने ती सामान्यतः ओळखली जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांस खुले झाल्यानंतर ती अल्पावधीत शाळा, कचेऱ्या, न्यायालये व शेती या क्षेत्रांत पोहोचली. माणसाचे ज्ञान, त्याची निर्णयशक्ती आणि शिकण्याची रीत यांवर त्यांचा काय परिणाम होतो, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला. ज्ञानाचे साधन बदलले की ज्ञानाची मालकी व त्याची जबाबदारीही बदलते, असा यापूर्वीचा अनुभव आहे. नाशिक जिल्ह्यातील सायखेडा व त्याचा परिसर यांच्या संदर्भात हा इतिहास पाहिल्यास प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. कारण येथे चुकीच्या माहितीची किंमत पीक, पैसा आणि प्रसंगी जीवित यांच्या रूपाने मोजावी लागते.

परिसर : सायखेडा हे निफाड तालुक्यातील गोदावरीकाठचे गाव. नदीवरील पुलाने ते चांदोरीशी जोडलेले आहे. पिंपळगाव बसवंत कृषी उत्पन्न बाजार समितीचे उपबाजार आवार येथे आहे. द्राक्षे, कांदा, ऊस, गहू व भाजीपाला ही या भागातील प्रमुख पिके होत. खालच्या बाजूस गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला नांदूर मधमेश्वर बंधारा असून तेथील पाणथळ क्षेत्रास जानेवारी २०२० मध्ये ‘रामसर स्थळ’ म्हणून मान्यता मिळाली. असा दर्जा मिळालेले ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय. निफाड येथील गहू संशोधन केंद्रात विकसित झालेल्या वाणांची नावे ‘एनआय’ या आद्याक्षरांनी सुरू होतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्मही निफाडचाच (१८४२). शेती, बाजार, नदी आणि संशोधन या चारही अंगांनी ज्ञानाची नित्य गरज भासणारा असा हा प्रदेश आहे.

मौखिक व हस्तलिखित ज्ञान : मुद्रणपूर्व काळी या भागातील ज्ञान प्रामुख्याने स्मरणात साठविलेले असे. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील वेदपठनाची परंपरा हे त्याचे शास्त्रशुद्ध रूप. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा रीतींनी एकच संहिता अनेक प्रकारे म्हणावयाची असल्याने पठनातील चूक तेथल्या तेथे उघडकीस येई. शेतकऱ्यांचे ज्ञान निराळ्या प्रकारे, नक्षत्रांवरील म्हणी, पेरणीचे अंदाज, जमिनीची पारख यांच्या रूपाने पुढे जात असे. ते चुकले, तर त्याची प्रचिती त्याच हंगामात येई. दोन्ही परंपरांमध्ये ज्ञान आणि त्याची पडताळणी एकाच माणसाच्या ठायी नांदत होती.

लेखनाचे तसे नव्हते. मोडी लिपीतील दप्तर कुलकर्ण्याच्या हाती, तर कर्जखते सावकाराच्या हाती असत. निरक्षर शेतकरी स्वतः वाचू न शकलेल्या मजकुराखाली अंगठा उठवी. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या खतपत्रांवर होता. ती हस्तगत करून जाळण्यात आली. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने शेतकऱ्याचे कर्जखत ग्रामनिबंधकासमोर तयार करण्याची व नोंदविण्याची तरतूद केली. मजकूर कितीही व्यवस्थित असला, तरी ज्याच्यावर तो बंधनकारक आहे त्याला तो तपासता येत नसेल, तर तो अन्यायाचे साधन होऊ शकतो, हे तत्त्व यातून प्रशासनाने मान्य केले. महात्मा जोतीराव फुले यांनी शिक्षणाचा आग्रह धरला, त्यामागेही हेच निरीक्षण होते : दुसऱ्याच्या लेखणीवर विसंबणे हे परावलंबनाचे मूळ आहे.

मुद्रण, कोश व शिक्षणसंस्था : एकोणिसाव्या शतकात मुद्रणामुळे ज्ञान प्रथमच सार्वजनिक झाले. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला व १८५७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. नाशिक येथील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाई येथे सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये, तर विसावा खंड २०१५ मध्ये प्रकाशित झाला.

कोशरचनेतील एक प्रथा येथे लक्षणीय ठरते. विश्वकोशातील नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचे नाव छापलेले असते. नोंद संपादकांच्या व विषयतज्ज्ञांच्या हाताखालून जाते आणि चूक आढळल्यास तिचे उत्तरदायित्व कोणाचे, हे सांगता येते. कोशाचे प्रामाण्य बहुतांशी या व्यवस्थेवर अवलंबून असते, केवळ माहितीच्या विपुलतेवर नव्हे.

शिक्षणाच्या प्रसाराचे काम जिल्ह्यात मराठा विद्या प्रसारक समाज (१९१४) व तत्सम संस्थांनी खेडोपाडी नेले. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन होऊन वर्गाबाहेरील शेतकरी, कामगार व गृहिणी यांनाही पदवीपर्यंत पोहोचणे शक्य झाले. त्याच काळात परीक्षाभिमुख शिक्षणाचा एक उपफलही वाढीस लागला : गाईडे, तयार निबंधांची पुस्तके व अपेक्षित प्रश्नसंच. स्वतः विचार न करता तयार उत्तर पाठ करून गुण मिळविता येतात, हा अनुभव मराठी विद्यार्थ्याला संगणकाच्या पूर्वीपासूनच होता.

कृषिज्ञानाचा प्रसार : स्वातंत्र्योत्तर काळात शेतकऱ्यापर्यंत नवे ज्ञान नेण्यासाठी अनेक माध्यमे उभी राहिली. आकाशवाणीवरील शेतीविषयक कार्यक्रम, १९६७ पासून दूरदर्शनचा ‘कृषी दर्शन’ हा कार्यक्रम, १९६८ मध्ये राहुरी येथे स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आणि २००४ पासून दूरध्वनीवर सल्ला देणारी किसान कॉल सेंटर योजना ही त्यांची ठळक उदाहरणे होत. द्राक्षबागायतदारांनी १९६० मध्येच आपला राज्यस्तरीय संघ स्थापन केला होता. निफाड तालुक्यात यांखेरीज खाजगी द्राक्षसल्लागार, औषधविक्रेते, चर्चासत्रे व अलीकडे भ्रमणध्वनीवरील गट हे सल्ल्याचे नित्याचे मार्ग बनले.

द्राक्षशेतीत या सल्ल्याला असाधारण महत्त्व आहे. एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास होणारी गोडी छाटणी यांनंतरचे प्रत्येक पाऊल दिवस मोजून टाकावे लागते. केवडा व भुरी या रोगांसाठी कोणते औषध, किती प्रमाणात आणि काढणीपूर्वी किती दिवस अगोदर फवारावे, हे चुकल्यास बाग जाते किंवा माल नाकारला जातो. २०१० च्या हंगामात याचा तीव्र प्रत्यय आला. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने भारतीय द्राक्षांची निर्यात युरोपात अडचणीत आली व नाशिकच्या उत्पादकांचे मोठे नुकसान झाले. हे संजीवक बागांमध्ये रुळलेले होते. परंतु बाजारपेठेचा नियम आणि बागेतील प्रघात यांमध्ये अंतर पडले होते. पूर्वी योग्य असलेले ज्ञान कालबाह्य झाल्यावरही त्याच आत्मविश्वासाने सांगितले जाते, ही सल्लाव्यवहारातील जुनी अडचण आहे. भाषा-प्रतिमानांच्या बाबतीत ती नव्या रूपाने पुढे येते.

भाषा-प्रतिमानांचा उगम व विकास : या तंत्राची मुळे गणितात आहेत. रशियन गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ मध्ये पुश्किनच्या एका काव्यकृतीतील २०,००० अक्षरांचे विश्लेषण करून एका अक्षरानंतर दुसरे कोणत्या प्रकारचे येते, याची संभाव्यता काढली. १९४८ मध्ये अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाच्या उपपत्तीत हीच कल्पना शब्दांना लावून इंग्रजीसदृश वाक्ये तयार करून दाखविली. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा साधा संभाषणपर आज्ञासंच प्रसिद्ध केला. त्यामागे आकलन मुळीच नसताना लोक त्याच्याशी विश्वासाने बोलू लागले, हे पाहून स्वतः वायझेनबॉम अस्वस्थ झाले. २०१७ मध्ये मांडण्यात आलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या रचनेमुळे वाक्यातील दूरदूरच्या शब्दांचे परस्परसंबंध एकाच वेळी हिशेबात घेणे शक्य झाले आणि अब्जावधी शब्दांवर प्रतिमाने शिकविता येऊ लागली.

प्रतिमान शब्दांचे लहान खंड पाडते, प्रत्येक खंडानंतर काय येण्याचा संभव अधिक आहे हे ठरविते व त्यानुसार मजकूर रचते. पुढे मानवी अभिप्रायांच्या साहाय्याने त्याला अधिक उपयुक्त उत्तरे देण्यास शिकविले जाते. या प्रक्रियेतून त्याला व्याकरण, वस्तुस्थिती व तर्क यांचा बराच भाग साधतो. मात्र उत्तर सुसंगत असणे आणि ते सत्य असणे या दोन गोष्टी त्यात आपोआप जुळत नाहीत. जेथे मूळ लेखन विरळ असते, तेथे प्रतिमान संभाव्य वाटणारा परंतु निराधार मजकूर तयार करू शकते.

मराठीच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सु. ८.३ कोटी लोकांची मातृभाषा मराठी असली, तरी महाजालावरील तिचे लेखन त्या प्रमाणात नाही. मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ चा. गूगलच्या यांत्रिक भाषांतरसेवेत मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला. पुण्यातील ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने २०२२ मध्ये सु. २.४८ कोटी मराठी वाक्यांचा संग्रह उपलब्ध करून दिला. त्याच वर्षी केंद्र शासनाचा ‘भाषिणी’ हा भाषांतरविषयक उपक्रम सुरू झाला. आरंभीच्या अनेक प्रतिमानांमध्ये देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक खंड पडत. त्यामुळे तोच प्रश्न मराठीत विचारणे अधिक खर्चाचे ठरे. परिणामतः मराठी उत्तराचा आशय पुष्कळदा अन्य भाषांतील लेखनावर आधारलेला असतो.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘महाविस्तार–एआय’ हे शेतकऱ्यांसाठीचे उपयोजन सुरू केले. त्यात पीक, हवामान, कीड–रोग व बाजारभाव यांविषयीची माहिती मराठी संवादाद्वारे मिळते. पाठोपाठ जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २०२५–२९ या कालावधीसाठी कृषी क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचे धोरण मंजूर केले. सायखेड्यासारख्या गावातील शेतकऱ्याला, विशेषतः सल्लागाराचे शुल्क न परवडणाऱ्या अल्पभूधारकाला, रात्री-अपरात्रीही प्रश्न विचारता येणे हा मोठा लाभ होय. बोलून प्रश्न विचारण्याची सोय झाल्यास लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही ज्ञानाचे दार उघडे होते. १८७५ च्या शेतकऱ्याला जे नाकारले गेले होते, ते काही अंशी येथे साध्य होते.

अध्ययनावरील परिणाम : तुर्कस्तानातील सु. एक हजार माध्यमिक विद्यार्थ्यांवर गणिताच्या अध्ययनासंबंधी झालेला प्रयोग (निष्कर्ष प्रसिद्ध २०२५) या बाबतीत उद्बोधक आहे. सरावाच्या वेळी साधे भाषा-प्रतिमान वापरणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी, तर उत्तर न देता केवळ सूचना देणारे प्रतिमान वापरणाऱ्यांची १२७ टक्क्यांनी सुधारली. पुढे साधन काढून घेऊन परीक्षा घेतली असता, पहिल्या गटातील विद्यार्थी हे साधन कधीच न मिळालेल्या विद्यार्थ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. दुसऱ्या गटात हा दुष्परिणाम बव्हंशी टळला. साधन तेच, परंतु विद्यार्थ्याने करावयाचे श्रम ते करते की त्यास करावयास लावते, यावर परिणाम अवलंबून राहिला.

याची कारणमीमांसा जुन्या पाठशाळेतील अनुभवाशी जुळते. आठवण्याचा प्रयत्न, चूक आणि दुरुस्ती यांतून ज्ञान पक्के होते. हा प्रयत्नच टळला, तर उत्तर हाती येते पण विद्या येत नाही. गाईड व भाषा-प्रतिमान यांत मात्र एक भेद आहे. गाईडातील उत्तर सर्वांस सारखे असल्याने शिक्षकाला ते ओळखता येई. प्रतिमानाचे उत्तर प्रत्येक वेळी निराळ्या शब्दांत येते. उलटपक्षी, गाईडाला उलट प्रश्न विचारता येत नसे; प्रतिमानाला ‘हे असे का’ असे विचारता येते. ज्या घरात शिकवणी लावण्याची ऐपत नाही, त्या घरातील विद्यार्थ्याला ही सोय मोलाची ठरू शकते.

कल्पकतेच्या संदर्भातही दुहेरी परिणाम आढळतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात प्रतिमानाच्या कल्पना घेऊन लिहिलेल्या कथा एकेकट्या पाहता अधिक सरस वाटल्या; परंतु समुच्चयाने पाहता त्या एकमेकींसारख्या झाल्या होत्या. बोलीभेदांनी समृद्ध असलेल्या मराठीसारख्या भाषेत असे एकसारखेपण आल्यास होणारी हानी चटकन लक्षात येणार नाही.

निर्णयशक्तीवरील परिणाम : २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय सल्लासंस्थेतील ७५८ सल्लागारांवर प्रयोग झाला. प्रतिमानाच्या आवाक्यातील कामे त्याच्या मदतीने सु. २५ टक्के अधिक वेगाने व अधिक चांगल्या दर्जाची झाली. मात्र आवाक्याबाहेरील म्हणून मुद्दाम निवडलेल्या एका कामात प्रतिमान वापरणाऱ्यांची बरोबर उत्तर देण्याची शक्यता न वापरणाऱ्यांच्या तुलनेत १९ टक्क्यांच्या अंतराने कमी आढळली. आवाक्याची ही सीमा बाहेरून दिसत नाही. दोन्ही बाजूंची उत्तरे सारख्याच सफाईची असतात.

न्यायव्यवहारात याची उदाहरणे घडली आहेत. २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील न्यायालयात प्रतिमानाने रचलेले, अस्तित्वात नसलेले निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्राप्तिकर प्रकरणातील आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधारभूत म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. निर्णायक अधिकार वापरणाऱ्याने यंत्रणेने पुरविलेले संदर्भ स्वतः पडताळून घेतले पाहिजेत, हे न्यायालयाने या वेळी स्पष्ट केले. ही पडताळणी शक्य झाली, कारण निवाड्यांचा छापील व अधिकृत संग्रह अस्तित्वात होता. जेथे असा संग्रह नाही, तेथे निराधार मजकूर ओळखणे कठीण जाते.

द्राक्षबागेतील निर्णयही याच स्वरूपाचा असतो. औषधाची मात्रा व काढणीपूर्व कालावधी यांबाबत प्रतिमानाचे उत्तर अद्ययावत नियमांशी व औषधाच्या वेष्टनावरील सूचनांशी ताडून पाहिले नाही, तर २०१० च्या अनुभवाची पुनरावृत्ती होऊ शकते. फरक एवढाच, की त्या वेळी सल्ला देणारा गावात भेटत असे व त्याला जाब विचारता येई. प्रतिमानाच्या उत्तराखाली कोणाचीही सही नसते.

स्थानिक ज्ञान व पूर : अलिखित ज्ञानाचा प्रश्न सायखेड्याच्या बाबतीत गोदावरीच्या पुराने ठळक केला आहे. १९६९, २००८, २०१६ व २०१९ या वर्षी गोदावरीला मोठे पूर आले. ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ मधील पुरांत सायखेडा व चांदोरी या गावांत पाणी शिरले. वरच्या बाजूच्या गंगापूर व दारणा धरणांतून सोडलेले पाणी आणि खालच्या बाजूस नांदूर मधमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा या दोहोंमध्ये हा भाग सापडतो. नाशिक शहरात पुराची पातळी गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगण्याची प्रथा आहे. पाणी मूर्तीच्या कोणत्या अवयवापर्यंत आले, यावरून खालच्या गावांनाही अंदाज येतो. प्रशासन विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर करते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सु. २८.३ लिटर पाणी. हा आकडा आपल्या गल्लीच्या, गोठ्याच्या व पुलाच्या भाषेत उलगडणे हे काठावरील माणसाचे कौशल्य होय. ते अनेक पुरांच्या आठवणींतून येते आणि त्यातील फार थोडे लिहिले गेले आहे.

जे लिहिले गेलेले नाही ते भाषा-प्रतिमानाला ठाऊक नसते. पुरासंबंधी विचारल्यास ते सर्वसाधारण सूचना योग्य रीतीने देऊ शकते. परंतु विशिष्ट विसर्गाला कोणत्या वाटेवर प्रथम पाणी येते, हे त्यास सांगता येणार नाही. नवी पिढी वडीलधाऱ्यांऐवजी यंत्रालाच विचारू लागली, तर हे ज्ञान लिहिले जाण्यापूर्वीच लोपण्याचा धोका आहे. याउलट, ग्रामपंचायत, शाळा व पाटबंधारे खाते यांनी पूररेषा, तारखा व विसर्ग यांच्या नोंदी मराठीत व्यवस्थित प्रसिद्ध केल्यास तेच साधन या स्थानिक ज्ञानाचे वाहक होऊ शकेल.

मूल्यमापन : घोकंपट्टीकडून लेखनाकडे, लेखनाकडून मुद्रणाकडे व मुद्रणाकडून प्रसारमाध्यमांकडे होत गेलेल्या प्रत्येक स्थित्यंतरात स्मरणाचा काही भाग बाह्य साधनाकडे गेला व त्याचबरोबर ज्ञानाचा विस्तारही झाला. भाषा-प्रतिमानांच्या स्थित्यंतराचे वैशिष्ट्य असे, की स्मरणाबरोबर मांडणी व काही प्रमाणात निवाडा हेही साधनाकडे जातात. त्यामुळे पडताळणीची व्यवस्था हीच आता ज्ञानव्यवहाराची मध्यवर्ती गरज ठरते. सहीनिशी लिहिलेल्या कोशनोंदी, अधिकृत निवाड्यांचे संग्रह, संशोधन केंद्रांच्या शिफारशी, पुराच्या नोंदी आणि वर्गात स्वतःच्या हाताने सोडविलेली उदाहरणे यांचे महत्त्व प्रतिमानांमुळे कमी होत नसून वाढते. सायखेड्याच्या शेतकऱ्याला उत्तर तत्काळ मिळणे इष्ट आहेच. ते उत्तर कोठून आले, कोणत्या काळचे आहे व चुकल्यास नुकसान कोणी सोसावयाचे, हे विचारण्याची क्षमता त्याच्याजवळ शाबूत राहणे तितकेच अगत्याचे आहे. ही क्षमता निर्माण करणे हे शाळेचे, विद्यापीठाचे व शासनाचे काम होय.